रद्दींतून निघालेलें धन

संग्रहाचा छंद मनुष्याला फार पुरातन काळापासून जडलेला आहे. कोणी जुनीं नाणीं जमवितो, कोणी पोस्टाचीं तिकिटें, कोणी हस्तलिखित पोथ्या, तर कोणी शंखशिंपले. यांपैकीं नाणें काय किंवा पोथी काय, त्यांना जन्मापासूनच कांहीं प्रतिष्ठा असते. नाणें टांकसाळींतून बाहेर पडतांनाच मोलाचें असतें. पोथी लिहिणारा ती जपली जावी म्हणूनच लिहीत असतो. परंतु अमेरिकेंत विसाव्या शतकांत एका अशा वस्तूच्या संग्रहाचा छंद उदयास आला, कीं जी वाचून फेंकून देण्यासाठींच छापली जात होती. ‘कॉमिक्स’ या नांवानें सर्वत्र ओळखलें जाणारें चित्रकथांचें स्वस्त पुस्तक, हीच ती वस्तु. १० सेंटांस मिळणारें हें पुस्तक पुढें लाखों डॉलरांचें धन कसें झालें, याचा इतिहास मनोरंजक तर आहेच. पण वस्तूचें मोल कोण ठरवितो, आणि तें कोणाच्या पदरांत पडतें, या जुन्या प्रश्नावरही तो प्रकाश पाडतो.

या पुस्तकांचा जन्म वर्तमानपत्रांच्या पोटीं झाला. अमेरिकेंतील मोठीं दैनिकें रविवारच्या अंकाबरोबर रंगीत चित्रमालिकांची पुरवणी देत असत. १९३३ सालीं ईस्टर्न कलर प्रिंटिंग या छापखान्यानें अशा जुन्या मालिका एकत्र करून लहान आकाराचें पुस्तक काढण्याची युक्ति योजिली. रंगीत छपाईचीं यंत्रें रिकामीं पडून राहूं नयेत, हा त्यामागील एक प्रमुख हेतु होता. पुढच्याच वर्षीं ‘फेमस फनीज’ हें मासिक १० सेंटांस विक्रीस आलें आणि एक नवा धंदा सुरू झाला.

१९३८ सालीं ‘ॲक्शन कॉमिक्स’ या मासिकाचा पहिला अंक निघाला. त्यावर जून महिना छापलेला असला, तरी तो एप्रिलमध्येंच बाजारांत आला होता. निळ्या पोषाखाचा आणि पाठीवर तांबडें वस्त्र सोडलेला एक पुरुष हिरवी मोटारगाडी उचलून आपटीत आहे, असें चित्र मुखपृष्ठावर होतें. हाच सुपरमॅन. क्लीव्हलंड शहरांतील जेरी सीगेल आणि जो शुस्टर या दोन तरुणांची ती निर्मिति. पहिला लिहीत असे, दुसरा चित्रें काढीत असे. या वीरपुरुषावरील सर्व हक्क त्यांनीं प्रकाशकास १३० डॉलरांना विकून टाकले. त्या अंकाच्या सुमारें २ लाख प्रती छापल्या गेल्या. त्यांतील १०० च्या आसपासच आज शिल्लक असाव्यात, असा जाणकारांचा अंदाज आहे.

मग बाकीच्या प्रतींचें काय झालें? बहुतेक प्रती ज्या मुलांसाठीं छापल्या होत्या, त्या मुलांच्या हातींच त्या संपल्या. चड्डीच्या मागच्या खिशांत घडी करून कोंबलेलें पुस्तक शाळेंत जाई, तेथें दुसऱ्या पुस्तकाशीं त्याची अदलाबदल होई, आणि दहा हातांतून फिरल्यावर त्याचीं मुखपृष्ठें गळून पडत. मुलगा मोठा झाला, घर बदललें, कीं उरलेला ढीग आई निःशंकपणें बाहेर काढी. दुसऱ्या महायुद्धांत कागदाची टंचाई पडली, तेव्हां रद्दी गोळा करणें हें देशकार्य ठरलें. शाळकरी मुलांनीं दारोदार हिंडून जमविलेल्या रद्दींत त्यांचीं स्वतःचीं चित्रपुस्तकेंही गेलीं.

युद्ध संपल्यावर अधिक उघड शत्रुत्व पुढें आलें. मुलांच्या मनावर या पुस्तकांचे वाईट संस्कार होतात, अशी ओरड सुरू झाली. १९४८ च्या ऑक्टोबर महिन्यांत वेस्ट व्हर्जिनियांतील स्पेन्सर या गांवीं शाळकरी मुलांनीं सुमारें २,००० पुस्तकांची होळी केली. फ्रेड्रिक वर्दम या मानसरोगतज्ज्ञानें १९५४ सालीं ‘सिडक्शन ऑफ दि इनोसंट’ हा ग्रंथ लिहून बालगुन्हेगारीचें खापर बव्हंशीं या पुस्तकांवर फोडलें. त्याच वर्षीं सीनेटच्या उपसमितीपुढें चौकशी झाली, आणि भ्यालेल्या प्रकाशकांनीं स्वतःवरच कडक नियमावली लादून घेतली. वर्दमनें आपले पुरावे सोयीप्रमाणें फिरविले होते, असें त्याचीं कागदपत्रें तपासून कॅरल टिली या विदुषीनें २०१२ सालीं दाखवून दिलें. परंतु तोंपर्यंत अर्धशतक उलटून गेलें होतें. यांतील विनोद असा, कीं वर्दमनें ज्या अंकांना नांवें ठेविलीं, तेच अंक पुढें संग्राहक शोधून शोधून अधिक किंमतीस घेऊं लागले. निंदकाचा ग्रंथ खरेदीदारांची यादी होऊन बसला!

इतक्या नाशांतूनही जें वांचलें, तें कोणी वांचविलें? धंदेवाल्यांनीं नव्हे, तर वाचकांनीं. लहानपणीं वाचलेल्या कथा पुन्हा वाचाव्या, हरवलेले अंक मिळवावे, एवढ्याच इच्छेनें कांहीं प्रौढ माणसें १९६० च्या सुमारास एकमेकांस शोधूं लागलीं. मासिकांतून वाचकांचीं पत्रें पूर्ण पत्त्यासह छापलीं जात, त्याचा त्यांना फार उपयोग झाला. डेट्रॉइट येथील जेरी बेल्स या प्राध्यापकानें रॉय टॉमस या मिसूरीतील तरुणाच्या साह्यानें १९६१ सालीं ‘ऑल्टर ईगो’ नांवाचें एक पत्रक काढिलें. हातयंत्रावर थोड्याच प्रती काढलेलें हें पत्रक म्हणजे विखुरलेल्या संग्राहकांचा पहिला मेळावाच म्हणावयाचा. प्रत्यक्ष मेळावा १९६४ च्या जुलैमध्यें न्यूयॉर्क शहरांत भरला.

टपालानें देवघेव सुरू झाली आणि तिच्याबरोबर भांडणेंही आलीं. विकणाऱ्याच्या लेखीं जी प्रत ‘उत्तम’, ती घेणाऱ्याच्या हातीं पडतांच ‘बरी’ ठरे. दोघांमध्यें शेंकडों मैलांचें अंतर. पैसे आधीं पाठविलेले. अशा वेळीं शब्दांचे अर्थ ठरवून घेणें प्राप्तच होतें. हें काम टेनेसी राज्यांतील रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यानें केलें. तो मूळचा नाण्यांचा संग्राहक; नाण्यांच्या दरपुस्तकाचा नमुना डोळ्यांसमोर ठेवून त्यानें १९७० सालीं चित्रपुस्तकांचें पहिलें दरपुस्तक प्रसिद्ध केलें. सर्वोत्तम प्रतीस ‘मिंट’, म्हणजे टांकसाळींतून नुकतीच निघालेली, असें जें म्हणतात, तो शब्दही नाण्यांच्याच व्यवहारांतून आलेला. त्या पहिल्या दरपुस्तकांत ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची किंमत ३०० डॉलर दिलेली होती.

प्रतवारीची ही विद्या बाहेरून क्षुल्लक वाटते. परंतु तिला नजर लागते. परीक्षक प्रथम पुस्तकाचा कणा पाहतो. तो सरळ आहे कीं वळला आहे? त्यावर घडीच्या पांढऱ्या रेषा किती? नंतर कोपरे, मग मधल्या तारा. तारांना गंज चढला असेल, तर त्याचा डाग पानांत उतरलेला असतो. मुखपृष्ठाची चकाकी, शाईचा रंग, कोणी लिहिलेलें नांव, कापून घेतलेलें एखादें कुपन, यांतील प्रत्येक दोषाचे गुण कापले जातात. शेवटीं पानांचा रंग. हा कागद लांकूड दळून केलेल्या लगद्याचा. त्यांत लिग्निन नांवाचें द्रव्य राहून जातें. हवा व उजेड लागला कीं तें पिवळें पडतें, कागदांतील आम्ल वाढत जातें, आणि अखेर पान पापडासारखें मोडतें. म्हणून जाणता संग्राहक आम्लरहित पुठ्ठ्याचा आधार देऊन पुस्तक पारदर्शक पॉलिएस्टरच्या पिशवींत ठेवतो, आणि उष्णता, ओल व ऊन या तिन्हींपासून तें दूर राखतो.

योग्य जागा मिळाल्यास हा क्षुद्र कागद किती टिकतो, याचें प्रसिद्ध उदाहरण १९७७ सालीं उघडकीस आलें. कोलोरॅडोंत डेन्व्हरजवळ एडगर चर्च नांवाचा एक जाहिरातींचा चित्रकार राहत असे. चित्रकलेचा संदर्भ म्हणून तो वर्षानुवर्षें मासिकें व चित्रपुस्तकें विकत घेऊन तळघरांत रचून ठेवीत आला होता. पुढें घर रिकामें करण्याची वेळ आली, तेव्हां चक रोझान्स्की या तरुण विक्रेत्यानें तो संग्रह विकत घेतला. त्यांत १८,००० हून अधिक पुस्तकें निघालीं. डोंगराळ प्रदेशांतील कोरडी व थंड हवा, अंधार आणि ढिगाऱ्याचा सारखा दाब, यांमुळें चाळीस वर्षांपूर्वींचीं पानें पांढरीं शुभ्र राहिलीं होतीं. चर्चनें हीं पुस्तकें भाव चढेल म्हणून ठेविलीं नव्हतीं, हें येथें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

कारण भाव चढेल म्हणून ठेवणारे पुढें आले, तेव्हां काय झालें तें पाहावें. जुन्या अंकांच्या किंमती ऐकून १९९० नंतर हजारों लोक नवे अंक जपून ठेवण्यासाठीं विकत घेऊं लागले. प्रकाशकांनींही त्यांची हौस पुरविली. एकाच अंकाला निरनिराळीं मुखपृष्ठें लावून तो अनेकदां विकावयाचा, अशी प्रथा पडली. १९९१ सालीं ‘एक्स-मेन’ मासिकाच्या नव्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांहून अधिक प्रती खपल्या. १९९२ च्या नोव्हेंबरांत सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवींत बंद करून, आंत दुखवट्याची काळी फीत घालून विकला गेला. लोकांनीं एक प्रत वाचावयास आणि एक न उघडतां ठेवावयास, अशा दोन दोन प्रती घेतल्या. परंतु जी वस्तु लाखों घरांत जपून ठेविली आहे, ती दुर्मिळ कशी होणार? जुना अंक महाग झाला, तो इतरांनीं फेंकून दिला म्हणून; हा साधा हिशेब कोणीच मांडला नव्हता. भाव कोसळले, हजारों दुकानें बंद पडलीं, आणि १९९६ च्या डिसेंबरांत मार्व्हल या बलाढ्य प्रकाशनसंस्थेनें दिवाळ्याचा अर्ज केला.

तरीही जुन्या अंकांचें मोल वाढतच गेलें. २००० सालीं सी.जी.सी. ही प्रतवारी करणारी संस्था निघाली. तिचेंही मूळ नाण्यांच्या प्रतवारींतच होतें. तज्ज्ञ पुस्तक तपासून त्यास १० पैकीं गुण देतात आणि तें कठीण पारदर्शक पेटींत कायमचें बंद करितात. डागडुजी केलेल्या प्रतीस वेगळ्या रंगाची चिठ्ठी लागते. यामुळें फसवणूक पुष्कळ कमी झाली आणि व्यवहाराला भरंवसा आला. ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची एक प्रत २०१० सालीं १० लाख डॉलरांस गेली, २०१४ सालीं दुसरी ३२ लाखांस, २०२४ सालीं ८.५ गुणांची एक प्रत ६० लाखांस. पण या सोयीची एक किंमत आहे. पेटी फोडल्याशिवाय तें पुस्तक कोणास उघडतां येत नाहीं. जें मुलांनीं वाचावें म्हणून छापलें, तें आतां केवळ मुखपृष्ठापुरतें उरलें आहे.

आणि ज्यांनीं तें निर्माण केलें, त्यांचें काय? सीगेल आणि शुस्टर यांनीं हक्कांसाठीं न्यायालयांत झगडून पाहिलें, पण यश आलें नाहीं. उतारवयांत दोघांचीही आर्थिक ओढाताण झाली. १९७५ सालीं सीगेलनें जाहीर तक्रार केली, लोकमत जागें झालें, आणि तेव्हां कोठें कंपनीनें प्रत्येकास सालीना २०,००० डॉलरांचें निवृत्तिवेतन देऊं केलें. सुपरमॅनचे १३० डॉलर ज्या धनादेशानें त्यांना मिळाले होते, तो कागदाचा तुकडा २०१२ सालीं लिलांवांत १,६०,००० डॉलरांस विकला गेला. निर्मात्यांना मिळालेल्या रकमेपेक्षां त्या रकमेची पावती हजारपट मोलाची ठरली. हें पाहण्यास त्या दोघांपैकीं कोणीही हयात नव्हता.

भारतांतही हा इतिहास लहान प्रमाणांत घडला आहे. मुंबईंतून १९६४ सालीं ‘इंद्रजाल कॉमिक्स’ निघूं लागलीं आणि १९९० पर्यंत चाललीं; त्यांची मराठी आवृत्तीही निघत असे. १९६७ सालीं अनंत पै यांनीं ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. सुटींत हे अंक हातोहात फिरत, आणि शाळा सुरू होतांच रद्दीवाल्याच्या तराजूंत पडत. त्यांतील जुने अंक आतां शोधूनही सहजासहजीं मिळत नाहींत, आणि मिळाले तर संग्राहक त्यांना चांगली किंमत देतात.

मग हीं पुस्तकें जपावीं कशीं? पेटींत बंद करणें हा एक मार्ग. परंतु दुसराही आहे. अमेरिकेंतील मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या ग्रंथालयानें १९७० पासून जमविलेल्या चित्रकथासंग्रहांत ३ लाखांहून अधिक वस्तु आहेत, आणि तेथें बसून त्या वाचतां येतात. त्या संग्रहांतील पानास हात लागतो, म्हणून त्याचे गुण कदाचित् कमी होत असतील. पण त्यांतील कथा पुढच्या पिढीच्या वाचकापर्यंत पोंचते. ज्यांनीं आरंभीं हीं पुस्तकें रद्दींतून उचललीं, त्यांना तरी याहून अधिक कांहीं नको होतें.