कल्हईचा बोळा आणि तांब्याची वेणी

१/ सोलापूरच्या भवानी पेठेत नक्षीदार चादर विणणारा एखादा माग कधी अचानक चुकू लागतो. सूत उत्तम आहे, बांधणी बरोबर आहे, तरी कापडभर एकच उभी रेघ बिघडलेली दिसते. माग इलेक्ट्रॉनिक जॅकार्डचा असेल, तर दोष नियंत्रणपेटीत दडलेला असू शकतो. चिपच्या दोन शेजारच्या पायांमध्ये साचलेला सोल्डरचा थेंब एवढ्यास पुरेसा असतो. हा थेंब काढण्याच्या विद्येचा इतिहास रोमन नळांपासून कल्हईवाल्याच्या भट्टीपर्यंत पसरलेला आहे.

२/ प्रथम मागाकडे पाहू. १८०४ साली फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्डने पुठ्ठ्याच्या छिद्रांकडून नक्षी विणून घेणारे यंत्र सिद्ध केले. छिद्र असेल तेथे आकडा वर जातो आणि उभा धागा उचलतो. छिद्र नसेल तेथे धागा खालीच राहतो. प्रत्येक आकड्याला स्वतंत्र आज्ञा, हे या यंत्राचे मर्म होय.

३/ १८७७ मध्ये सोलापुरात ‘जुनी मिल’ सुरू झाली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहराच्या पूर्व भागात मागांची वस्ती वाढवली. जॅकार्डवर विणलेली सोलापुरी चादर पुढे भौगोलिक मानांकनापर्यंत पोहोचली. दरम्यान, १९८३ साली बोनास या ब्रिटिश कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड मांडले. पुठ्ठ्याच्या छिद्राचे काम विद्युतचुंबकाकडे आले. मात्र ‘प्रत्येकाला स्वतंत्र आज्ञा’ हा नियम तसाच राहिला, आणि दोन पायांमधला पूल नेमका तोच मोडतो.

४/ सोल्डर म्हणजे झाळ. हा धातू फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनी या रोमन लेखकाने दोन भाग शिसे व एक भाग कथील यांच्या मिश्रणाची नोंद केली आहे. ते पाण्याचे नळ जोडण्यास वापरीत. शुद्ध कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, शिसे ३२७ अंशांना. परंतु ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे एकत्र आले की मिश्रण १८३ अंशांनाच पाणी होते. विसाव्या शतकातील इलेक्ट्रॉनिक्स बव्हंशी याच मिश्रणावर उभे राहिले.

५/ महाराष्ट्रात हे ज्ञान कल्हईच्या रूपाने घरोघरी पोहोचले होते. कल्हईवाला भाता चालवून भांडे तापवी, त्यावर नवसागर टाकी, पांढरा धूर उठताच कथलाची कांडी टेकवी आणि कापसाच्या बोळ्याने वितळलेले कथील झरझर पसरवी. जास्तीचे कथील त्याच बोळ्याने निपटले जाई. मागे राही तो चांदीसारखा पातळ थर.

६/ नवसागर कशासाठी? तापलेल्या तांब्यावर हवेमुळे ऑक्साइडचा थर चढतो आणि कथील त्याला चिकटत नाही. नवसागर तो थर काढून टाकतो. उघडे, स्वच्छ, गरम तांबे मिळाले की कथील आपण होऊन त्यावर धावते. इलेक्ट्रॉनिक्समध्ये हेच काम फ्लक्स करतो. तो बहुधा राळेचा असतो, कारण नवसागराचे अवशेष बारीक तारा गंजवतात.

७/ आता पाटीकडे वळू. व्हिएन्नाहून लंडनला आलेल्या पॉल आइसलरने १९४३ मध्ये छापील सर्किटच्या पेटंटसाठी अर्ज केला. तारांच्या जंजाळाऐवजी तांब्याच्या पातळ पत्र्यातून वाटा कोरल्या जाऊ लागल्या. जुन्या चिपच्या दोन पायांत २.५४ मिलिमीटर अंतर असे; पुढे ते अर्ध्या मिलिमीटरवर आले. अंतर आटले, पूल वाढले.

८/ पूल दिसताच सुईने खरवडण्याचा मोह होतो. त्याने वाट ओरखडते आणि थेंब तसाच राहतो. जाणता कारागीर आधी फ्लक्स लावतो. मग बारीक तांब्याच्या तारांची चपटी वेणी, म्हणजेच विक, पुलावर ठेवतो आणि तिच्यावर सोल्डरिंग आयर्नचे स्वच्छ टोक टेकवतो. वितळलेले सोल्डर तारांमधील फटींत केशाकर्षणाने वर चढते. दिव्याच्या वातीत तेल चढते तसे. वेणी आणि टोक एकदमच उचलायचे. आधी टोक उचलले, तर वेणी पाटीलाच चिकटून बसते.

९/ वेणी नसेल तर जुन्या केबलचे तांब्याचे जाळीदार वेष्टण राळेत भिजवूनही भागते. मोठ्या थेंबासाठी शोषणारा पंप असतो. थांबावे मात्र मोजके क्षण. उष्णता लांबली तर तांब्याची वाट पाटीपासून सुटते. शेवटी अल्कोहोलने पुसून मल्टिमीटरने तपासणी करायची, आणि तीही नकाशा पाहून, कारण काही शेजारी पाय मुळातच जोडलेले असतात.

१०/ १ जुलै २००६ पासून युरोपीय संघाने बहुतेक नव्या उपकरणांत शिशावर निर्बंध घातले. त्याची जागा घेणारे कथील-चांदी-तांब्याचे मिश्रण सुमारे २१७ अंशांना वितळू लागते, म्हणून दुरुस्तीत हात अधिक जपावा लागतो. शिसे विषारी आहे, हे कल्हईच्या भांड्यांना जुनेच लागू होते: अन्नाच्या भांड्याला शुद्ध कथीलच हवे. त्यात शिसे मिसळणे म्हणजे घरादाराच्या जिवाशी खेळ.

११/ थेंब काढता आला नाही तर सगळी पाटी बदलावी लागते. नवी येईपर्यंत माग उभा राहतो, आणि विणलेल्या मालावर मजुरी मिळणाऱ्या कामगाराचा दिवस कोरडा जातो. काढून टाकलेली पाटी कचऱ्यात जाते आणि तिच्यातील शिसे मातीत. स्टीलची भांडी आली तसे कल्हईवाले गल्ल्यांतून दिसेनासे झाले. स्वच्छ तांबे, योग्य ताप आणि बेताचा धीर हे त्यांचे सूत्र आज दुरुस्तीच्या टेबलावर भिंगाखाली चालू आहे. ते शिकणारे हात जोवर मिळतात, तोवर एका थेंबापायी माग थांबून राहत नाही.