विशालकोन जोडभिंग : एका निवडीचा इतिहास

उपकरणांच्या इतिहासात मुख्य यंत्राकडे जितके लक्ष दिले जाते, तितके त्याच्या जोडसाहित्याकडे दिले जात नाही. वस्तुतः यंत्राच्या मर्यादा कोठे होत्या, हे जोडसाहित्यावरूनच अधिक स्पष्टपणे कळते. लहान डिजिटल कॅमेऱ्याच्या पुढे बसविले जाणारे विशालकोन जोडभिंग हे याचे उत्तम उदाहरण होय.

१९९९ साली निकॉनने कूलपिक्स ९५० हा कॅमेरा बाजारात आणला. त्याचे भिंग कॅमेऱ्यातच कायमचे बसविलेले होते. त्याचे केंद्रांतर ७ ते २१ मिलिमीटर होते. मात्र संवेदक अतिशय लहान असल्यामुळे ते ३५ मिलिमीटर फिल्मवरील सुमारे ३८ ते ११५ मिलिमीटर भिंगाच्या तोडीचे ठरे. म्हणजे त्याचे आडवे दृष्टिक्षेत्र फार तर ५१ अंशांचे होते. इमारतींच्या अंतर्भागांसाठी ते अपुरे पडे आणि भिंग बदलण्याची सोय नव्हती. तेव्हा मूळ भिंगाच्या पुढे दुसरे भिंग जोडणे हाच मार्ग उरला.

या जोडणीमागील तत्त्व जुने आहे. गॅलिलिओने १६०९ साली वापरलेल्या दुर्बिणीत पुढे बहिर्गोल आणि डोळ्यापाशी अंतर्गोल भिंग होते. तीच रचना उलट केली असता दृश्य लहान दिसते, पण अधिक विस्तृत क्षेत्र नजरेत येते. विशालकोन जोडभिंग हे या उलट्या दुर्बिणीचेच सुधारलेले रूप होय. ते स्वतः प्रतिमा घडवीत नाही. केवळ किरणांचे कोन बदलून ते मूळ भिंगाच्या स्वाधीन करते. त्यामुळे कडेचे किरण अडले नाहीत, तर प्रकाशाची हानी जवळजवळ होत नाही.

परंतु गुणांक पाहून भिंग निवडणे पुरेसे नव्हते. निकॉनच्या डब्ल्यूसी-ई६३ या जोडभिंगाचा गुणांक ०.६३ होता, त्यायोगे ३८ मिलिमीटरचे २४ मिलिमीटर होई आणि आडवे क्षेत्र सुमारे ७४ अंशांपर्यंत वाढे. गुणांक कोनावर थेट लागू न होता अर्ध्या कोनाच्या स्पर्शकावर लागू होतो, म्हणून ही वाढ साध्या भागाकाराने येणाऱ्या अंकापेक्षा कमी असते. शिवाय आट्यांचा व्यास जुळावा लागे. कूलपिक्स ९५० साठी तो २८ मिलिमीटर होता. जोडभिंगाची मागील काच पुरेशी मोठी नसल्यास चित्राचे कोपरे काळवंडत. ती मोठी करावी तर वजन आणि किंमत वाढे. सरळ रेषांचे बाक आणि कडांवरील रंगीत झालरी हे दोषही स्वीकारावे लागत.

या दोषांना शास्त्रीय महत्त्व आले ते अरण्यविज्ञानात. रॉबिन हिल यांनी १९२४ साली ढगांच्या अभ्यासासाठी संपूर्ण आकाश टिपणारे भिंग वर्णिले होते. १९५९ साली इव्हान्स आणि कूम्ब यांनी अशा अर्धगोलीय छायाचित्रांवरून वनातील प्रकाशाचा अभ्यास मांडला. निकॉनचे एफसी-ई८ हे ०.२१ गुणांकाचे मत्स्यनेत्र जोडभिंग कूलपिक्सला लावले की १८३ अंशांचे वर्तुळाकार चित्र मिळे. महागडे स्वतंत्र भिंग, फिल्म आणि ती धुण्याचा खर्च टाळणारी ही जोडी वनसंशोधकांच्या हाती पडली. कॅमेऱ्याच्या यादीतच मत्स्यनेत्राचा पर्याय होता. तो निवडताच झूम सर्वांत रुंद टोकाशी आणि केंद्रण अनंतावर स्थिर होई. मापनाला लागणारी पुनरावृत्ती त्यामुळे साधली.

तथापि, २००१ साली फ्रेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच जोडीची फिल्मशी तुलना केली, तेव्हा डिजिटल चित्रांतून मिळणारे आकाशाच्या मोकळेपणाचे मान अधिक आढळले. कडांवरील रंगांची सरमिसळही त्यांनी नोंदविली. पान आणि आकाश यांच्या सीमारेषेवरच सारी गणना अवलंबून असल्याने, छंदी छायाचित्रकाराला क्षुल्लक वाटणारा दोष येथे निष्कर्षच बदलू शकत होता.

पुढे पॅनासॉनिकच्या एलएक्स३ सारख्या कॅमेऱ्यांत (२००८) मूळ भिंगच २४ मिलिमीटरच्या तोडीचे आले आणि जोडभिंगाची गरज ओसरली. मागे उरली ती त्याने टिपलेली चित्रे. त्यांची आजच्या चित्रांशी तुलना करावयाची असेल, तर कोणत्या कॅमेऱ्यावर कोणते जोडभिंग होते आणि झूम कोठे स्थिर होता, याची नोंद चित्राइतकीच मोलाची ठरते. ती नोंद नसेल, तर अरण्य विरळ झाले की केवळ भिंग बदलले, हे सांगणे दुष्कर होय.