मॉडजन्य चित्रदोष (व्हिडिओ गेम)

खेळणाऱ्यांनी बाहेरून आणून बसवलेल्या गाड्या, नकाशे, टेक्स्चर किंवा प्रकाशयोजना (म्हणजेच मॉड) यांमुळे गेमचे पडद्यावरचे चित्र बिघडणे, म्हणजे मॉडजन्य चित्रदोष. गुलाबी झालेली बस, मधूनच गायब होणारा रस्ता, लुकलुकणारी भिंत, उलटी उमटलेली अक्षरे या सगळ्याला बोलण्यात ‘ग्लिच’ हा एकच शब्द चालतो. दुरुस्तीला बसणाऱ्याला मात्र एवढ्यावर भागत नाही. दोषाचे रूप नीट पाहिले, तर निम्मा शोध तिथेच लागतो.

मराठी मुलखात या प्रकाराची ओळख अनेकांना एसटीच्या बसमुळे झाली. मालेओ या कंपनीच्या ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ (2017) या मोबाइलवरच्या गेममध्ये स्वतःची रंगसंगती, म्हणजे लिव्हरी, आणि बाहेरचे वाहन घालण्याची सोय आहे. त्यामुळे एसटीची लाल बस, म्हणजे लालपरी, जावा बेटावरच्या रस्त्यांवरून धावू लागली. संगणकावर हेच काम प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअरच्या ‘युरो ट्रक सिम्युलेटर 2’ने (2012) केले. इंडोनेशियात आपल्यासारखीच वाहतूक डावीकडून चालते, बहुतेक युरोपात उजवीकडून. म्हणून युरोपीय धाटणीचे मॉडेल आडवे उलटवून स्टिअरिंग उजवीकडे आणण्याचा सोपा मार्ग काहीजण धरतात. मग पत्रे बाहेरून दिसेनासे होतात आणि आतून दिसतात, कारण प्रत्येक पृष्ठभागाची दर्शनी बाजूच फिरलेली असते.

कनेरगाव नाका हे मराठवाडा आणि विदर्भ यांच्या हद्दीवरचे, हिंगोली–वाशिम रस्त्यावरचे गाव. लिव्हरीवर ‘हिंगोली–वाशिम, मार्गे कनेरगाव नाका’ असा फलक रंगवायला घेतला, तर तीन वेगवेगळे बिघाड एकाच जागी भेटू शकतात. चित्र संपादनाच्या सॉफ्टवेअरला देवनागरीची जुळणी येत नसेल, तर ‘हिं’ची वेलांटी ह च्या आधी लागण्याऐवजी नंतर लागते, ‘वाशिम’चीही तीच गत होते आणि ‘मार्गे’चा रफार सुटून र पाय मोडून वेगळा पडतो. हा दोष गेमचा नव्हेच. तो चित्रातच आहे. दुसरा प्रकार असा, की बसच्या डाव्या बाजूचा फलक नीट वाचता येतो आणि उजव्या बाजूचा आरशातल्यासारखा उलटा दिसतो. जागा वाचवण्यासाठी मॉडेल करणाऱ्याने टेक्स्चरचा एकच तुकडा दोन्ही बाजूंना वापरलेला असतो. तिसरा प्रकार म्हणजे फलक जवळून स्थिर, पण लांबून थरथरणारा. फलक आणि त्यामागचा पत्रा जवळजवळ एकाच खोलीवर असले, की पुढे कोण आणि मागे कोण हे गेमला ठरवता येत नाही. अंतर वाढेल तसा हा झगडा वाढतो. मॉडेलमध्ये फलक केसभर पुढे सरकवला, की तो थांबतो.

पत्र्यावरचे रिव्हेट फुगलेले दिसण्याऐवजी आत दबलेले दिसत असतील, तर उठावाच्या टेक्स्चरमधला हिरवा रंग उलटा आहे असे समजावे. डायरेक्टएक्स आणि ओपनजीएल यांच्या पद्धती तेवढ्याबाबत एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

रंगही बरेच सांगून जातो. युनिटी इंजिनवरच्या गेममध्ये वस्तू भडक गुलाबी दिसली, तर तिचा शेडर (रंग-प्रकाश ठरवणारा छोटा प्रोग्राम) हरवला आहे किंवा चालत नाही. ‘स्कायरिम’मध्ये (2011) जांभळा रंग टेक्स्चर सापडत नसल्याची खूण आहे, तर लाल त्रिकोणातले उद्गारचिन्ह म्हणजे मॉडेलची फाइलच जागेवर नाही. व्हॉल्व्हच्या सोर्स इंजिनवर टेक्स्चर सापडले नाही, तर जांभळे-काळे चौकडे उमटतात. हे रंग मुद्दामच डोळ्यांत खुपणारे निवडलेले आहेत.

दोन मॉड एकाच फाइलवर हक्क सांगतात तेव्हा क्रम निर्णायक ठरतो, आणि इथे नवखे हमखास फसतात. ‘युरो ट्रक’च्या यादीत वरचा मॉड जिंकतो, ‘स्कायरिम’च्या प्लगइनांत शेवटी चढणारा. ‘युरो ट्रक’ काही गाऱ्हाणी पडद्यावरही मांडतो, पण सविस्तर तपशील डॉक्युमेंट्समधल्या game.log.txt या त्याच्या लॉग फाइलमध्येच असतो. कोणत्या फाइलचे काय बिनसले, हे तिथे नावानिशी लिहिलेले सापडते. ती न उघडता ड्रायव्हर पुन्हा टाकत बसणे हा सर्वांत लोकप्रिय आणि बहुधा सर्वांत निरुपयोगी उपाय आहे.

मेमरीचा हिशेब वेगळा. 4096 × 4096 पिक्सेलचे एक टेक्स्चर दाबून न बसवता ठेवले, तर 64 मेगाबाइट खाते. डीएक्सटी 5 पद्धतीने दाबले, तर 16. साध्या फोनवर अशी चार-पाच टेक्स्चरे एका बसला लावली, की चित्र धूसर होते किंवा गेमच बंद पडतो. ‘जीटीए सॅन अँड्रियास’सारखे जुने 32 बिट गेम तर संगणकात कितीही रॅम असली, तरी ठरावीक मर्यादेपलीकडे ती वापरू शकत नाहीत. जड गाड्या भरल्यावर रस्ते आणि इमारती उशिरा उमटतात किंवा उमटतच नाहीत, ते बहुधा यामुळे.

यंत्राचा दोष वेगळा काढण्यासाठी स्क्रीनशॉट घ्यावा. पडद्यावर दिसणारा डाग त्यात नसेल, तर संशय केबल किंवा मॉनिटरवर जातो. डेस्कटॉपवरही चौकोन किंवा रेघा उमटत असतील, तर मॉड निर्दोष असून ग्राफिक्स कार्ड तापलेले किंवा बिघडलेले असण्याची शक्यता मोठी.

हे सगळे करूनही गुन्हेगार सापडला नाही, तर निम्मे मॉड बंद करून पाहतात. दोष ज्या निम्म्यात राहील, त्याचे पुन्हा दोन भाग. 128 मॉडांतून एकटा दोषी असा सात फेऱ्यांत सापडतो. दोन मॉडांच्या भांडणातून दोष निघत असेल, तर मात्र ही रीत चकवते, कारण जोडी फुटली की दोन्ही बाजू निर्दोष दिसतात. चाचणीसाठी नवे प्रोफाइल किंवा नवा खेळ घेतात. ‘स्कायरिम’च्या जुन्या सेव्हमध्ये काढलेल्या मॉडचे अवशेष राहून जातात.

काल चालणारी बस आज बिघडली, तर गेम रात्रीतून अपडेट झाला का, हे आधी पाहावे. ‘युरो ट्रक’च्या जुन्या आवृत्त्या स्टीमवर बीटा या पर्यायातून निवडता येतात, आणि जुन्या मॉडांवर जीव असलेले अनेकजण जाणूनबुजून मागच्याच आवृत्तीवर खेळत राहतात.