पिस्तूल का दिले?

९ मार्च १९६३ ची रात्र. लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड भागात इयन कॅम्पबेल आणि कार्ल हेटिंगर हे दोन तरुण पोलीस साध्या वेशात गस्त घालत होते. संशय आला म्हणून त्यांनी एक मोटार थांबवली. आतल्या दोघांपैकी एकाने कॅम्पबेलच्या पाठीला पिस्तूल लावले आणि हेटिंगरला स्वतःचे पिस्तूल देण्यास फर्मावले. देऊन टाक, असे कॅम्पबेलनेही सांगितले. हेटिंगरने ते दिले.

गुन्हेगारांनी दोघांना सुमारे दीडशे किलोमीटर उत्तरेला, बेकर्सफील्डजवळच्या एका कांद्याच्या शेतात नेले. अपहरण केले म्हणजे आता मृत्युदंड ठरलेलाच, अशी त्यांच्यातल्या एकाची समजूत होती. ती चुकीची होती. तोपर्यंत घडलेल्या गुन्ह्याला कॅलिफोर्नियाच्या कायद्यात तेवढी शिक्षा नव्हती. पण त्या अर्धवट ज्ञानापायी कॅम्पबेलला गोळ्या घालण्यात आल्या. हेटिंगर अंधारात धावत सुटला, काही किलोमीटरवरच्या एका शेतघरापर्यंत पोहोचला आणि वाचला. दोन्ही गुन्हेगार दुसऱ्या दिवसापर्यंत पकडले गेले.

या घटनेवर पुढे पुस्तक निघाले, चित्रपटही आला. आपल्याला मात्र येथे जो वाचला त्याचे पुढे काय झाले, एवढेच पाहायचे आहे.

त्याच्या शरीरावर म्हणण्यासारखी जखम नव्हती. साहजिकच थोड्याच दिवसांत तो कामावर रुजू झाला. पोलीस खात्याने एक परिपत्रक काढले. त्याचा मथितार्थ असा, की पोलिसाने कोणत्याही परिस्थितीत आपले शस्त्र देऊ नये. परिपत्रकात काहीही लिहिलेले असो, ते कोणाला उद्देशून आहे हे सर्वांना ठाऊक होते. एवढ्यावर भागले नाही. हेटिंगरला ठाण्याठाण्यांतून हजेरीच्या वेळी उभे करून ती रात्र सांगायला लावण्यात आले. आपले काय चुकले हे इतरांना कळावे म्हणून! शिवाय खटला होता, अपिले होती, फेरखटला होता. दर वेळी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तोच.

त्याला दुःस्वप्ने पडू लागली. वजन घटले. रडू आवरेना. पुढे तर तो दुकानांतून किरकोळ वस्तू उचलू लागला. १९६६ मध्ये तसे करताना तो पकडला गेला आणि त्याला नोकरी सोडावी लागली. भित्रा पोलीस शेवटी चोरही निघाला, असा निष्कर्ष काढणे किती सोपे होते!

आज हीच लक्षणे पाहून डॉक्टर 'आघातोत्तर तणाव विकार', म्हणजे पीटीएसडी, आहे का हे तपासतील. पण १९६३ मध्ये हे नावच नव्हते. लक्षणे मात्र जुनीच होती. १८६६ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक एरिकसन यांनी रेल्वे अपघातातून वाचलेल्या, पण नंतर खचत गेलेल्या प्रवाशांची वर्णने प्रसिद्ध केली. अशा आजाराला 'रेल्वे स्पाइन' म्हणत, कारण दोष पाठीच्या कण्यात असावा असा तर्क होता. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, चार्ल्स मायर्स यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक' हा शब्द वापरला. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मज्जासंस्था बिघडते, ही त्यामागची कल्पना. परंतु ज्यांच्याजवळ गोळा फुटलाच नव्हता असे सैनिकही थरथरताना दिसू लागले. मग काय म्हणायचे? लष्करापाशी एक तयार शब्द होता: भ्याडपणा. पळून जाणे, भ्याडपणा अशा आरोपांवरून त्या युद्धात गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने माफी दिली, ती २००६ मध्ये. त्यांतले कितीजण आजारी होते, हे आता ठरवणार कोण?

१९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदान-पुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत पीटीएसडीचा समावेश केला. त्यामागे व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांचा रेटा होता, आणि बलात्काराला बळी पडलेल्या स्त्रियांसोबत काम करणाऱ्यांचे अनुभवही. आमच्या मते यातील खरा बदल नावाचा नव्हता. आजाराचे कारण माणसाच्या दुबळ्या स्वभावात शोधण्याऐवजी घडलेल्या प्रसंगात शोधायचे, हे प्रथमच इतके स्पष्टपणे मान्य झाले.

असे होते तरी कसे? प्राण कंठाशी आले की शरीरात ॲड्रिनॅलिन आणि त्याच्या जातीची रसायने उसळतात. मेंदूतील अमिग्डाला हा बदामाएवढा भाग त्यांच्या मदतीने त्या क्षणाची आठवण पक्की करून ठेवतो. उपयोगाचीच गोष्ट, एकदा साप दिसलेली वाट विसरून कसे चालेल? पण काहींच्या बाबतीत ही आठवण भूतकाळात जाऊन बसतच नाही. एखादा आवाज, एखादा वास पुरतो आणि शरीर पुन्हा त्याच रात्रीत जाऊन उभे राहते. आघातानंतर बहुतेक माणसे काही महिन्यांत आपोआप सावरतात, हेही येथे सांगायला हवे.

मग काहीजण का सावरत नाहीत? २००० साली ब्रुइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. प्रसंग किती भयंकर होता याला महत्त्व होतेच. पण त्यानंतर माणसाला आधार मिळाला की नाही, हे निदान तेवढेच महत्त्वाचे ठरले. हेटिंगरच्या वाट्याला काय आले ते आपण पाहिलेच आहे.

येथे एक शंका विद्यार्थी नक्की काढतील. पीटीएसडीच्या आजच्या उपचारांत, उदाहरणार्थ एडना फोआ यांनी विकसित केलेल्या पद्धतीत, रुग्णाला तो प्रसंग पुन्हा पुन्हा सांगायलाच लावतात. हेटिंगरनेही तो पुन्हा पुन्हा सांगितला होता. मग त्याला गुण का आला नाही? फरक ऐकणाऱ्यात आहे. उपचारात माणूस सुरक्षित जागी, स्वतःच्या संमतीने बोलतो. आठवण कितीही भयानक असली तरी ती आता इजा करू शकत नाही, हे त्याचे शरीर हळूहळू शिकते. आणि "पिस्तूल दिले म्हणून मित्र मेला" यासारखा विचार तो तपासून पाहू शकतो. दिले नसते तर मित्र वाचला असता, हे कशावरून? ठाण्यातल्या हजेरीत हा विचार तपासला जात नव्हता, त्यावर शिक्कामोर्तब होत होते. नुसते बोलते करणे म्हणजे उपचार नव्हे. प्रसंगानंतर लगेच एका बैठकीत सगळे वदवून घेण्याची पद्धत मध्यंतरी बरीच पसरली होती. तिने पीटीएसडी टळत नाही, असे चाचण्यांत दिसून आले.

लॉस एंजेलिसच्या पोलीस खात्याने १९६८ मध्ये मार्टिन रायझर यांना पूर्णवेळ मानसशास्त्रज्ञ म्हणून नेमले. हेटिंगरला जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. १९७३ मध्ये त्याच खात्यातील जोसेफ वॅम्बो यांनी 'द अनियन फील्ड' हे पुस्तक लिहिले आणि पोलिसांना व वाचकांना त्याची बाजू समजली. नोकरी सुटल्यावर हेटिंगर माळीकाम करत होता. पुढे तो बेकर्सफील्डच्या परिसरात, म्हणजे जेथे ते शेत होते त्याच कर्न परगण्यात, राहायला गेला. १९८७ मध्ये परगण्याच्या पर्यवेक्षक मंडळावर त्याची नेमणूक झाली आणि पुढच्या वर्षी लोकांनी त्याला निवडूनही दिले. १९९४ मध्ये तो वारला, तेव्हा साठीचाही नव्हता.