सामाईक रस्त्यावरून इंटरनेट वाहिनी नेण्याची संमती

सामाईक रस्त्यावरून इंटरनेट वाहिनी नेण्याची संमती हा मालमत्ता कायदा व दूरसंचार कायदा यांच्या सीमेवरचा विषय आहे. अनेक घरांना मिळून एकच बोळ, गाडीवाट किंवा बांधावरचा रस्ता असल्यास त्यातून ऑप्टिकल फायबरची तार पुरण्यास वा वरून ओढण्यास कोणाची परवानगी लागते, हे मुख्यतः भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ आणि दूरसंचार अधिनियम, २०२३ यांवरून ठरते. प्रस्तुत लेखात हा विषय सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात मांडला आहे.

पार्श्वभूमी

केंद्र सरकारने २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्यास मंजुरी दिली. पुढे ‘भारतनेट’ हे नाव मिळालेल्या या योजनेचा दुसरा टप्पा महाराष्ट्रात ‘महानेट’ म्हणून राबवण्यात आला. योजनेचा रोख ग्रामपंचायतीपर्यंत तार पोहोचवण्यावर होता. तेथून घरापर्यंतचे अंतर बहुधा खाजगी जमिनीतून जाते. माण, खटाव, आटपाडी व जत या तालुक्यांत अनेक कुटुंबे गावठाणाबाहेर मळ्यात वस्ती करून राहतात आणि त्यांची वाट भाऊबंदांच्या बांधावरून जाते. सातारा, वाई, मिरज येथील जुन्या पेठांत वाड्यांच्या वाटण्या होऊन मागच्या घरांसाठी बोळ सामाईक ठेवलेले आढळतात.

वाटेचा हक्क आणि तारेचा हक्क

१८८२ चा अधिनियम १८९१ मध्ये मुंबई इलाख्याला लागू झाला. १८४८ मध्ये खालसा झालेला सातारा तेव्हा इलाख्यात होता. सांगली, मिरज, जत, फलटण, औंध ही मात्र संस्थाने होती.

या अधिनियमाच्या कलम १५ नुसार २० वर्षे उघडपणे, शांततेने, हक्क म्हणून व अखंड वापरलेल्या वाटेवर वहिवाटीचा हक्क मिळू शकतो. या हक्काची व्याप्ती मात्र मर्यादित असते. एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारच्या वाटेचा हक्क येत नाही, असे कलम २८ सांगते. दोन पिढ्या बैलगाडी नेली म्हणून त्याच वाटेखाली नळी पुरण्याचा हक्क आपोआप सिद्ध होत नाही. वादात नेमकी हीच गोष्ट दोन्ही बाजूंच्या लक्षात आलेली नसते. वाट वापरणारा ‘रस्ता आमचाही आहे’ म्हणतो, जमीनमालक ‘फक्त जाण्यायेण्यापुरता’ म्हणतो. कायदा येथे बहुतांशी मालकाच्या बाजूला आहे. जमीन खरोखर सामाईक मालकीची असेल, तर स्थिती निराळी. तेथे प्रत्येक सहमालकाला वापराचा हक्क असतो, पण एकाच्या होकाराने इतर बांधले जात नाहीत.

त्यामुळे प्रथम सात-बारा उतारा किंवा गावठाणातील मिळकत पत्रिका पाहावी लागते. उताऱ्यावर अनेकदा मृतांची नावे तशीच असतात व वारसनोंद झालेली नसते. सहमालकांपैकी काही मुंबई-पुण्यास, तर बहिणी सासरी असतात. बांधावर राहणाऱ्या एका भावाने मान डोलावणे ही सर्वांची संमती ठरत नाही.

तोंडी होकार

शेजाऱ्याने ‘टाका की तार’ असे म्हटल्याने सहसा सुविधाधिकार निर्माण होत नाही. ती केवळ परवानगी, म्हणजे लायसन्स असते. कलम ५९ नुसार अशी परवानगी जमीन विकत घेणाऱ्यावर बंधनकारक नसते. मळा विकला गेला आणि नव्या मालकाने तार काढण्यास सांगितले, तर जुन्या शब्दाचा आधार पुरत नाही. कलम ६० मध्ये एक अपवाद आहे: परवानगीवर विसंबून खर्च करून कायम स्वरूपाचे बांधकाम केले असेल, तर परवानगी देणाऱ्याला ती मागे घेता येत नाही. पुरलेल्या नळीबाबत हा युक्तिवाद करता येईल. भिंतीला खिळ्याने टांगलेल्या तारेबाबत तो टिकणे अवघड आहे.

कायमचा हक्क हवा असल्यास लेखी दस्त करावा लागतो. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ नुसार १०० रुपये वा अधिक मूल्याचा असा हक्क निर्माण करणाऱ्या दस्ताची नोंदणी सक्तीची आहे. नोटरी केलेले संमतीपत्र म्हणजे नोंदणी नव्हे, हा फरक गावपातळीवर सर्रास दुर्लक्षिला जातो.

संमतीपत्राचा मजकूर

उपयुक्त संमतीपत्रात तारेचा मार्ग दाखवणारा नकाशा, खोली, चर बुजवून रस्ता पूर्ववत करण्याची जबाबदारी व दुरुस्तीसाठी प्रवेशाची अट असते. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत घाईने बुजवलेला चर पहिल्या पावसात खचतो, आणि उसाची भरलेली ट्रॉली त्यात रुतली की होकार देणारा शेजारीच विरोधक होतो. नांगराचा फाळ पोहोचणार नाही इतकी खोली व बांधाची कड सोडून न जाणारा मार्ग निवडला जातो. शेजाऱ्यांच्या भावी तारांसाठी जागा राहील अशी रुंद नळी टाकण्याची तयारी दाखवल्यास बोलणी पुष्कळदा सोपी होतात.

नकार मिळाल्यास

भारतीय तार अधिनियम, १८८५ च्या कलम १० व १६ खाली तार प्राधिकाऱ्याला खाजगी जमिनीतून वाहिनी नेता येत असे व अडथळा आल्यास जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे जाता येत असे. २०२३ च्या अधिनियमाच्या कलम १२ मध्ये आधी जमीनमालकाशी कराराचा मार्ग आहे. त्याने नकार दिल्यास व सार्वजनिक हितासाठी आवश्यक वाटल्यास केंद्र सरकार मार्गाधिकार मिळवून देऊ शकते. मात्र हा अर्ज सेवा पुरवणाऱ्या कंपनीने करावयाचा असतो, ग्राहकाने नव्हे; एका वस्तीवरच्या दोन घरांसाठी ही यंत्रणा हलणे संभवत नाही.

तहसीलदाराकडे मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली अडवलेली शेतवाट खुली करून मागता येते, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३ बांधावरून वाट देण्यासंबंधी आहे. नवी तार टाकू देण्याचा आदेश यांतून मिळत नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालयात हक्क सिद्ध करावा लागतो, अथवा सार्वजनिक रस्त्याने फिरून येणारा लांबचा मार्ग किंवा बिनतारी जोडणी स्वीकारावी लागते.