गुळवेल : यकृतसंरक्षणाच्या चाचण्या आणि वेलीची अचूक ओळख

काविळीवर गुळवेल देण्याची प्रथा जुनी आहे. तिची प्रयोगशाळेत परीक्षा झाली ती परळच्या केईएम रुग्णालयात आणि त्याला जोडलेल्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात. डॉ. शरदिनी डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये कार्बन टेट्राक्लोराइडने होणाऱ्या यकृताच्या इजेवर गुळवेलीचा संरक्षक परिणाम नोंदवला. हे रसायन यकृतात गेल्यावर पेशींची आवरणे फाडते आणि रक्तात एसजीओटी, एसजीपीटी वाढतात. वनस्पती दिल्यावर ही वाढ किती रोखली जाते, हे अशा चाचणीत पाहतात.

पुढची पायरी माणसांवरची होती. पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या, शस्त्रक्रियेची गरज असलेल्या 30 रुग्णांचा अभ्यास 1993 मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांसोबत गुळवेल मिळालेल्या गटात शस्त्रक्रियेनंतर 92.4 टक्के रुग्ण वाचले, दुसऱ्या गटात 40 टक्के. रुग्णसंख्या लहान होती, आणि हा फायदा मुख्यतः जंतुसंसर्ग रोखल्याचा होता. त्यामुळे ‘गुळवेल यकृत बरे करते’ असा सरसकट अर्थ यातून काढू नये.

कोरोनाकाळात चित्र उलटे झाले. घरोघरी काढे सुरू झाले आणि मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी 2021 मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले 6 रुग्ण नोंदवले. नंतर देशातील 13 केंद्रांतून असे 43 रुग्ण पुढे आले. आयुष मंत्रालयाने दुसऱ्याच जातीची, टिनोस्पोरा क्रिस्पाची, गल्लत झाली असावी असे म्हटले. डॉक्टरांना ते पूर्ण पटलेले नाही. वाद मिटेपर्यंत उत्पादकाच्या हाती एक गोष्ट नक्की आहे : योग्य जातीचाच माल विकणे.

खरी गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिचे खोड हिरवट, साल पातळ कागदासारखी सुटणारी, पाने हृदयाकृती व गुळगुळीत. फुलाला 6 पाकळ्या, फळ गोल आणि पिकल्यावर लाल. क्रिस्पाचे खोड करडे, त्यावर चामखिळीसारखे ठळक फुगवटे. कापल्यास पांढरा चीक येतो. पाकळ्या 3, फळ लांबट व नारिंगी. जुन्या गुळवेलीच्या सालीवरही बारीक ठिपके असतात, तेवढ्यावरून वेल बाद करू नये; चीक, फूल आणि फळही पाहावे. पानांच्या खालच्या बाजूला दाट लव असेल तर ती तिसरीच जात, टिनोस्पोरा सायनेन्सिस.

लागवडीसाठी ओळख पटलेल्या मातृवेलीचीच छाटे घ्यावीत. बाजारातून आणलेल्या तुकड्यांवर पाने-फुले नसतात, खात्री होत नाही. दोन डोळ्यांची, 15 ते 20 सेंमी लांब छाटे जून-जुलैत लावावीत. अंतर 3 × 3 मीटर, चढायला मांडव किंवा झाड हवे. कडुलिंबावरची गुळवेल वैद्य उत्तम मानतात. खोड 2.5 सेंमीपेक्षा जाड झाल्यावर पावसाळ्यानंतर कापणी करावी, बुडखा राखावा. तुकडे सावलीत वाळवून पोत्यावर जात, शेत व कापणीची तारीख लिहावी. फुला-फळांसह एक वाळवलेला नमुना जपून ठेवल्यास शंका आल्यावर कृषी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला दाखवता येतो.

कावीळ झालेल्या व्यक्तीने किंवा आधीपासून यकृताचा आजार असलेल्याने शेतातली वेल परस्पर उकळून पिऊ नये.