जबलपूरची परसबाग : पावसाळी मांडव उतरवण्याचे आणि हिवाळी पेरणीचे दिवस

मध्य प्रदेशातील जबलपूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४१० मीटर उंचीवर, नर्मदेच्या काळ्या मातीच्या खोऱ्यात वसलेले असून तेथून नैर्ऋत्य मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परत फिरतो. वर्षभरातील पावसाचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून गेलेला असतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून रात्री झपाट्याने थंड होऊ लागतात. पाऊस थांबणे आणि थंडी स्थिरावणे यांमधील हे चार-पाच आठवडे परसबागेच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत निकडीचे असतात. युरोपात शरद ऋतू म्हणजे भाजीची बाग मिटवण्याचा काळ. जबलपुरात बाग मिटवणे आणि नव्याने मांडणे ही दोन्ही कामे एकाच वेळी, एकाच जमिनीवर करावी लागतात. दोडक्याचा मांडव आणखी पंधरा दिवस ठेवला, तर त्या वाफ्यातील वाटाणा पंधरा दिवस मागे पडतो आणि त्याचा परिणाम थेट जानेवारीतील थंडीत दिसतो.

अडचण अशी की, या सुमारास पावसाळी भाज्या पूर्ण थांबलेल्या नसतात. दुधीला दोन-चार फळे लागत असतात, भेंडीची शेंडे फूल देत असतात, कारल्याच्या वेलावर हिरवे काही ना काही दिसतच असते. फळ देणारे झाड उपटणे कोणालाही रुचत नाही. तरीही पानांवर भुरी रोगाचा पांढरा थर चढलेला वेल, पिवळ्या शिरांची भेंडी आणि वाकडी, बेचव फळे धरणारी काकडी यांना आणखी पाणी देण्यात अर्थ नसतो. भेंडीवरील पिवळ्या शिरांचा रोग विषाणूजन्य असून त्याचा प्रसार पांढरी माशी करते. अशी झाडे उभी राहिल्यास माशीला आश्रय मिळतो आणि ती शेजारच्या नव्या टोमॅटोच्या रोपांकडे वळते.

जबलपूरचे मराठीशी नाते जुने आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा प्रदेश प्रथम सागरच्या मराठ्यांकडे आणि नंतर नागपूरकर भोसल्यांकडे होता. पुढे १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत नागपूर हीच तत्कालीन मध्य प्रदेशाची राजधानी असल्याने कुटुंबांची ये-जा चालू राहिली. रेल्वे आणि १९०४ पासूनचा तोफगाडी कारखाना यांसारख्या ठिकाणी नोकरीनिमित्त आलेली मराठी माणसेही येथे स्थिरावली. त्यामुळे येथील मराठी घरांत एकाच भाजीला दोन नावे चालतात. घोसाळे बाजारात गिलकी होते, तोंडलीला कुंदरू म्हणतात, वांगी म्हणजे भटा आणि चवळीच्या शेंगा म्हणजे बरबटी. बी विकत घेताना हे ठाऊक असलेले बरे. पुडीवर हिंदी नावच छापलेले असते.

वाफसा आणि हवेली

पाऊस उघडला म्हणून दुसऱ्याच दिवशी कुदळ हाती घेणे काळ्या मातीत महागात पडते. ओली माती खणली की तिची ढेकळे होतात, ती उन्हात विटेसारखी वाळतात आणि पुढे बारीक बी त्यांच्या फटींत हरवते. जमीन वाफशावर येईपर्यंत थांबणे हाच उपाय. मूठभर माती दाबून तिचा गोळा करावा आणि कमरेच्या उंचीवरून सोडावा. गोळा फुटून भुगा झाला तर वाफसा आला. तो तसाच चपटा पडला तर आणखी दोन-तीन दिवस थांबावे. उशीर झाल्यास उलट संकट येते, कारण जमीन भेगाळते आणि पेरणीपूर्वी पाणी देऊन पुन्हा वाफशाची वाट पाहावी लागते.

या एका गोष्टीवर जबलपूर परिसरातील शेतकऱ्यांनी एक संपूर्ण शेतीपद्धती उभी केली होती. जबलपूर ते नरसिंहपूर या सपाट, भारी जमिनीच्या पट्ट्यात शेताला चारी बाजूंनी बांध घालून पावसाळाभर पाणी कोंडून ठेवले जाई. तिला हवेली पद्धत म्हणतात. खरिपाचे पीक न घेता शेत पाण्याखाली ठेवल्याने तण दबून राही, ओलावा खोलवर मुरे आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीस पाणी सोडून दिल्यावर त्याच ओलीवर गहू व हरभरा पेरला जाई. एका शेताचे पाणी दुसऱ्याच्या शेतातून वाहत असल्याने ते केव्हा सोडायचे, हे शेजाऱ्यांना मिळून ठरवावे लागे. सोयाबीनचा प्रसार आणि सिंचनाच्या सोयी यांमुळे ही पद्धत बरीच आक्रसली आहे. परसबागेत कोणी पाणी कोंडत नाही. तथापि ‘आधी पाणी उतरू द्या, मग पेरा’ हा हिशेब दोन्हीकडे सारखाच आहे.

काय काढावे, काय राखावे

वेल उपटण्याऐवजी जमिनीलगत कापून मांडवावरच दोन दिवस सुकू दिल्यास गुंता सोडवणे सोपे जाते. मुळे मात्र खणून पाहावीत. भेंडी, वांगी किंवा टोमॅटोच्या मुळांवर गाठी दिसल्यास तो सूत्रकृमींचा उपद्रव समजावा. अशी मुळे कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नयेत आणि त्या वाफ्यात लगेच टोमॅटो वा वांगी लावू नये. तेथे लसूण किंवा कांदा घ्यावा. चवळीच्या मुळांवरील गाठी वेगळ्या असतात. त्या मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असून बोटाने सहज सुटतात आणि जिवंत असताना आतून गुलाबी दिसतात. हवेतील नत्र जमिनीत आणणाऱ्या जिवाणूंचे ते घर असल्याने चवळीचे खोड कापून मुळे जमिनीतच ठेवणे फायद्याचे ठरते.

आवराआवरीच्या उत्साहात एका वेलाचा नाहक बळी जातो, तो म्हणजे वालाचा. जबलपुरात त्याला सेम म्हणतात. पावसाळाभर नुसती पाने वाढवणारा हा वेल निरुपयोगी वाटू लागतो; परंतु वालाच्या पारंपरिक वेली जाती दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तुरे आले की पुढे थंडीभर शेंगा मिळतात. तोंडलीचा वेलही काढायचा नसतो. थंडीत तो मरगळतो, पाने झडतात, पण मूळ जिवंत राहते. आले आणि हळद यांची पाने पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे साधारण जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत, त्यांना हात लावू नये. निरोगी वांगी आणि मिरचीची झाडे हलकी छाटून खत दिल्यास पुन्हा धरतात.

मांडव उतरवण्यापूर्वीच बियाण्याची निवड झालेली असावी. शेवटी उरलेल्या खुरट्या फळाचे बी राखण्याची चूक अनेक घरांत होते. वास्तविक भर हंगामातील सर्वांत चांगल्या वेलावरचे एक फळ खूण करून जून होऊ द्यायला हवे. दोडका वेलावरच वाळला की टोकाचे झाकण निघते आणि बी आपोआप खाली पडते. उरलेली जाळी अंग घासायला उपयोगी येते. भेंडीची शेंग तपकिरी होऊन शिरेवर तडकू लागली की काढावी. बी सावलीत वाळवून, राख मिसळून, कोरड्या डब्यात ठेवावे आणि त्यावर वर्ष लिहावे, कारण प्रत्येक बियाण्याचे आयुष्य निराळे आहे. कांद्याचे बी वर्षभरानंतर भरवशाचे राहत नाही, तर काकडीवर्गीय भाज्यांचे बी नीट ठेवल्यास चार-पाच वर्षे उगवते. संकरित वाणाचे बी राखल्यास पुढील पिढीत मूळ गुण टिकत नाहीत, हे लक्षात घ्यावे. इतर वाणांचे बी राखणे, पेरणे आणि एकमेकांना देणे हा शेतकऱ्यांचा हक्क २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने मान्य केला आहे.

जुन्या बियाण्याची परीक्षा घेण्याची रीत घरोघर होतीच. नवरात्रात महाराष्ट्रात घटाभोवतीच्या मातीत धान्य पेरतात, महाकोशलात त्याच अंकुरांना जवारे म्हणतात. धार्मिक विधी म्हणून त्याचे जे स्थान असेल ते असो. रब्बीच्या तोंडावर घरातील धान्य उगवते की नाही, हे नऊ दिवसांत डोळ्यांसमोर येई. भाजीच्या बियाण्यासाठी ओल्या फडक्यात वीस दाणे गुंडाळून ठेवले तरी पुरे. बारापेक्षा कमी उगवले तर नवे बी आणावे.

गाजर गवत

रिकाम्या झालेल्या वाफ्याकडे तणाचे लक्ष माणसाआधी जाते. जबलपुरात या विषयाला विशेष महत्त्व आहे, कारण तणांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था याच शहरात असून १९८९ मध्ये राष्ट्रीय केंद्र म्हणून तिची स्थापना झाली. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे तण संशोधन संचालनालय म्हणून ती आज ओळखली जाते. गाजर गवताविरुद्धच्या देशव्यापी जागृतीचे काम तेथून चालते. भारतात हे तण पसरत असल्याची पहिली ठळक नोंद १९५५ मध्ये पुण्यात झाली होती. ते खाणारा मेक्सिकन भुंगा १९८०च्या दशकात बंगळूरमार्गे देशात आणण्यात आला. पावसाळ्यात तो पाने फस्त करतो, मात्र थंडी सुरू झाली की मातीत शिरून निपचित पडतो. म्हणून ऑक्टोबरनंतर उगवलेले गाजर गवत हातमोजे घालून, फुले येण्यापूर्वी, हातानेच उपटावे लागते. लव्हाळ्याचे दुखणे त्याहून चिवट आहे. कुदळीने कंद तुटले की एकाचे अनेक होतात. ते वेचून उन्हात वाळवावेत, खड्ड्यात टाकू नयेत.

वाटाण्याची घाई

जबलपूरचे नाव हिवाळी बाजारात घेतले जाते ते हिरव्या वाटाण्यासाठी. ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत या जिल्ह्याने वाटाण्याचीच निवड केली आहे. शहापुरा, पाटण, पनागर या भागांत हे पीक मोठ्या क्षेत्रावर घेतले जाते आणि १९६४ मध्ये स्थापन झालेल्या येथील जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाने ‘जवाहर मटर’ या नावाने अनेक वाण दिले आहेत. बाजारात पहिल्यांदा उतरणाऱ्या शेंगेला चढा भाव मिळत असल्याने पाऊस पुरता थांबण्यापूर्वीच पेरण्याचा मोह शेतकऱ्याला होतो. परतीच्या पावसाची एक सर आली की बी मातीतच कुजते आणि दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो. धीर धरून मागाहून पेरणाऱ्याला आवक वाढल्यामुळे घसरलेला भाव पत्करावा लागतो. या पेचातून सुटण्याचा सोपा मार्ग कोणाकडेही नाही.

परसबागेला हा बाजार नसतो. तरीही शेतातील पेरणी पाहून शहरातील लोक सप्टेंबरातच वाटाणा टोचतात, ते अनाठायी आहे. माती गरम आणि दमट असताना वाटाण्याची उगवण विरळ होते, रोपे मर रोगाने कोलमडतात. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यातील पेरणी अधिक खात्रीची. आर्केलसारखा हळवा वाण एक फुटाच्या ओळींत, दोन-तीन इंच अंतरावर लावल्यास साधारण दोन महिन्यांत पहिली तोडणी मिळते. बियाण्याला रायझोबियमचे जिवाणूखत चोळावे आणि युरियाचा मोह आवरावा. नत्र जास्त झाले की वेल माजतो, शेंग धरत नाही.

बाकीच्या वाफ्यांत चौरस मीटरला दोन-अडीच किलो कुजलेले शेणखत मिसळावे. मेथी, पालक, मुळा ही मंडळी सोपी आहेत. फक्त सगळे बी एकाच दिवशी न टाकता पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने टाकावे. धने रगडून दोन भाग करून पेरावेत. लसणाच्या पाकळ्या ऑक्टोबरात लावाव्यात, कांद्याचे रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकून डिसेंबर-जानेवारीत हलवावे.

फुलकोबीबाबत मात्र दुकानदाराला नेमका प्रश्न विचारणे आवश्यक आहे. ही भाजी १८२२ मध्ये इंग्लंडमधून सहारनपूरच्या बागेत आली आणि उत्तर भारताच्या हवेत तिचे हळवे, मध्यम, गरवे असे निरनिराळे प्रकार तयार झाले. प्रत्येकाला गड्डा धरण्यासाठी ठरावीक तापमान लागते. हळवा वाण उशिरा लावल्यास बटणाएवढा गड्डा धरून थांबतो. गरवा वाण लवकर लावल्यास नुसती पाने वाढतात. पुष्कळ घरांत खताला किंवा मातीला दोष दिला जातो, चूक महिन्याची असते. ऑक्टोबरात रोप लावायचे असेल, तर मध्यम कालावधीचा वाण मागावा.

डिसेंबरअखेर आणि जानेवारीत शीतलहर आल्यास जबलपूर परिसरात पाला पडण्याचा धोका असतो. वाटाण्याची पाने थंडी सोसतात, पण फुले आणि कोवळ्या शेंगा काळवंडतात. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि संध्याकाळीच बोटे गारठलेली, अशा दिवशी मावळतीला हलके पाणी द्यावे; ओली माती रात्री उष्णता धरून ठेवते. टोमॅटो आणि मिरचीवर जुनी साडी किंवा गवत पसरावे आणि सकाळी ऊन आले की काढावे.

वाटाणा फेब्रुवारीत संपतो आणि त्याच सुमारास उन्हाळी काकडी, दोडका लावण्याची वेळ येते. म्हणून मांडवाचे खांब कोठे रोवायचे, हे ऑक्टोबरातच वहीत आखून ठेवावे. यंदा वेल होते तेथे पुढील फेरीत वेल नकोत. वाटाण्याचा वाफा दोडक्याला द्यावा, वांग्याचा भेंडीला देऊ नये, कारण सूत्रकृमी दोघांनाही लागतात. जो वाफा फारच बाधित असेल तो उन्हाळ्यात रिकामा ठेवून, पाणी देऊन, मे महिन्यात चार ते सहा आठवडे पारदर्शक प्लॅस्टिकने घट्ट झाकावा. उन्हाने तापलेल्या त्या मातीत सूत्रकृमी आणि तणांचे बी बऱ्याच प्रमाणात मरते. लव्हाळ्याचे खोल कंद मात्र त्यातूनही वाचतात.